श्वानमुख मानव आणि पिशाचश्वान : ब्रिटिश लोकपरंपरेतील दोन प्रतिमा

१

ब्रिटनच्या लोकपरंपरेत कुत्रा हा प्राणी दोन अद्भुत रूपांत आढळतो. पहिले रूप श्वानमुख मानवाचे. माणसाचे धड आणि कुत्र्याचे मस्तक असलेल्या या जमातीचे उल्लेख मध्ययुगीन हस्तलिखितांत, संतचरित्रांत आणि जगाच्या जुन्या नकाशांत येतात. दुसरे रूप पिशाचश्वानाचे. रात्रीच्या निर्जन वाटेवर, गावाच्या शिवेवर, पुलाजवळ किंवा चर्चच्या आवारात दिसणारा हा कुत्रा बहुधा काळा आणि वासराएवढा थोर असतो व त्याचे डोळे निखाऱ्यांसारखे असतात. नॉर्फक व सफक या परगण्यांत त्याला ब्लॅक शक म्हणतात, यॉर्कशायरमध्ये बारगेस्ट, तर आइल ऑफ मॅन या बेटावर मॉडी डू. वेल्समध्ये कून आनून या नावाने अशा कुत्र्यांचा कळपच ओळखला जातो.

लोकप्रिय ग्रंथांत या दोन रूपांची एकत्र मांडणी करून त्यांचा उगम एकाच पुरातन आदिबंधात शोधण्याची प्रथा पडली आहे. इजिप्तमधील अनुबिस, ग्रीकांचा तीन मस्तकांचा कर्बेरस, नॉर्स पुराणकथांतील गार्म आणि ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील यमाचे दोन सारमेय यांची नावे या संदर्भात एका ओळीत घेतली जातात. मृत्यू आणि कुत्रा यांची सांगड अनेक संस्कृतींत आढळते, हे खरेच. परंतु तेवढ्याने विशिष्ट काळी, विशिष्ट गावी, विशिष्ट व्यक्तीने कुत्र्याचीच प्रतिमा का वापरली, या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. ब्रिटिश परंपरेतील प्रमुख नोंदी कालक्रमाने तपासल्या असता असे दिसते की, या दोन रूपांची घडण वेगवेगळ्या मार्गांनी झाली आहे. त्यांच्यात साम्य आहे ते उगमाचे नसून कार्याचे आहे. दोन्ही रूपे मनुष्यत्वाच्या सीमेवर उभी केलेली आहेत. आणि ती सीमा कोणी, कोणासाठी आखली, हे प्रत्येक नोंदीत स्वतंत्रपणे पाहावे लागते. प्रस्तुत लेखात याच दृष्टीने काही निवडक नोंदींचा विचार केला आहे.

२

श्वानमुख मानव ब्रिटनमध्ये आला तो ग्रंथांतून. इ.स.पू. पाचव्या शतकाच्या अखेरीस इराणच्या दरबारी राजवैद्य असलेल्या क्टेसियस या ग्रीकाने भारताविषयी एक ग्रंथ लिहिला. मूळ ग्रंथ नष्ट झाला. नवव्या शतकात फोटियसने केलेल्या सारांशामुळे त्यातील मजकूर आज कळतो. भारतातील पर्वतांत कुत्र्याच्या मस्तकाची माणसे राहतात, ती प्राण्यांची कातडी पांघरतात, भुंकून आणि खुणा करून एकमेकांशी व्यवहार करतात, त्यांना भारतीयांची भाषा समजते पण बोलता येत नाही, असे क्टेसियस सांगतो. ही माणसे न्यायी आहेत, असेही त्याने नमूद केले आहे. क्टेसियस स्वतः भारतात आला नव्हता. इराणी दरबारात ऐकलेल्या वार्तांवरच त्याची मदार होती.

ही माहिती रोमन लेखक प्लिनीच्या निसर्गविषयक कोशात आणि पुढे सातव्या शतकातील इसिडोरच्या ग्रंथात गेली व तेथून ती मध्ययुगीन युरोपातील मठांच्या ग्रंथालयांत पोहोचली. या प्रवासाची एक महत्त्वाची खूण ब्रिटनमध्ये आजही जपलेली आहे. 'बेओवुल्फ' हे प्राचीन इंग्रजी महाकाव्य ज्या एकमेव हस्तलिखितात शिल्लक राहिले, ते इ.स. १००० च्या सुमाराचे आहे. सर रॉबर्ट कॉटन यांच्या संग्रहातील या हस्तलिखिताला १७३१ च्या आगीची झळ बसली. आता ते ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्याच हस्तलिखितात पूर्वेकडील नवलांचे वर्णन करणारे एक गद्य प्रकरण आहे. तेथे अर्धश्वान अशा अर्थाचे देशी नाव देऊन श्वानमुखांचे वर्णन केलेले आढळते. घोड्याची आयाळ, रानडुकराचे सुळे, कुत्र्याचे मस्तक आणि अग्नीच्या ज्वाळेसारखा श्वास ही त्यांची लक्षणे होत. क्टेसियसचे न्यायी गिरिवासी येथवर येईपर्यंत बरेच उग्र झाले आहेत.

या जमातीचे वसतिस्थान कोणते, हा प्रश्न उद्बोधक आहे. ग्रीकांनी ती भारतात ठेवली. मार्को पोलोने अंदमानच्या रहिवाशांची मस्तके कुत्र्यासारखी असल्याचे सांगितले. चौदाव्या शतकात जॉन मँडेव्हिल या नावाने प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनातही श्वानमुखांचे एक बेट पूर्वेच्या समुद्रात आहे. इ.स. १३०० च्या सुमारास तयार झालेल्या हेरफर्ड येथील जगाच्या नकाशातही त्यांना स्थान मिळाले. उलट ज्या भारतात ग्रीकांनी त्यांना वसविले, तेथील सहाव्या शतकातील वराहमिहिराने 'बृहत्संहिते'च्या कूर्मविभागात 'श्वमुख' हे नाव उत्तरेकडील लोकांच्या यादीत घातले आहे. म्हणजे ज्यांच्याकडे बोट दाखवावे, ते आणखी पलीकडे बोट दाखवितात. श्वानमुखाचा देश नेहमी सांगणाऱ्याच्या ज्ञात जगाच्या कडेला असतो. डेव्हिड गॉर्डन व्हाइट यांनी १९९१ मधील आपल्या ग्रंथात युरोप, भारत आणि चीन या तिन्ही परंपरांतील श्वानमानवाच्या कथांची तुलना करून परक्याची प्रतिमा म्हणून त्यांचा विचार केला आहे, तो याच कारणाने महत्त्वाचा ठरतो.

३

परका हा माणूस आहे की नाही, या प्रश्नाला ख्रिस्ती धर्मशास्त्रात प्रत्यक्ष महत्त्व होते. माणूस असेल तर तो आदमचा वंशज आणि म्हणून तारणास पात्र. पशू असेल तर नाही. संत ऑगस्टीनने आपल्या ईश्वरनगरीविषयक ग्रंथाच्या सोळाव्या खंडात हा प्रश्न चर्चिला आहे. नवव्या शतकात स्कँडिनेव्हियात धर्मप्रसार करणाऱ्या रिंबर्टला तो अगदी व्यावहारिक स्वरूपात पडला. उत्तरेत श्वानमुख भेटले तर त्यांना काय समजावे, या त्याच्या पृच्छेला फ्रान्समधील कॉर्बीच्या मठातील रात्रॅम्नस याने पत्राने उत्तर दिले. हे लोक गाव करून राहतात, शेती करतात, पशू पाळतात, लज्जारक्षणासाठी वस्त्र वापरतात आणि नियम पाळतात. त्याअर्थी त्यांच्या ठायी विवेक आहे आणि त्यांना माणूसच मानले पाहिजे, असा रात्रॅम्नसचा निष्कर्ष होता. मस्तकाच्या आकारापेक्षा आचाराला त्याने प्रमाण मानले. आपल्या विवेचनात त्याने संत क्रिस्टोफरचाही दाखला दिला आहे.

क्रिस्टोफर हा या संदर्भातील सर्वांत लक्षणीय विषय होय. नवव्या शतकातील प्राचीन इंग्रजी हुतात्मा-चरितावलीत त्याची कथा येते. तो श्वानमुखांच्या आणि नरभक्षकांच्या देशातला. त्याचे मस्तक कुत्र्याचे, केस लांब, डोळे पहाटेच्या ताऱ्यासारखे तेजस्वी, दात रानडुकराच्या सुळ्यांसारखे. ईश्वरावर त्याची श्रद्धा होती, परंतु त्याला माणसासारखे बोलता येत नव्हते. त्याने वाणीसाठी प्रार्थना केली. तेव्हा शुभ्र वस्त्रांतील एक पुरुष त्याच्याजवळ आला, त्याने त्याच्या मुखात फुंकर घातली आणि क्रिस्टोफर बोलू लागला. 'बेओवुल्फ'च्या हस्तलिखितातही क्रिस्टोफरच्या हौतात्म्याची कथा आहे. तिचा आरंभीचा भाग गळालेला असून उरलेल्या भागात त्याच्या प्रचंड देहाचे वर्णन येते आणि राजा त्याला हिंस्र पशू म्हणून हिणवतो.

या कथेतील तपशील नीट पाहण्यासारखा आहे. क्रिस्टोफरच्या प्रार्थनेत मस्तक बदलण्याची मागणी नाही. त्याला हवी आहे वाणी, आणि ती मिळताच तो राजासमोर उभा राहून आपल्या श्रद्धेची साक्ष देऊ शकतो. क्टेसियसच्या श्वानमुखांना परकी भाषा समजत होती पण बोलता येत नव्हती. त्यांच्या ठिकाणची ही उणीव संतकथेने नेमकी हेरली आणि कृपेने भरून काढली. येथे मनुष्यत्वाची कसोटी वाणी ही आहे. पुढे पश्चिम युरोपात क्रिस्टोफरची ओळख बालख्रिस्ताला खांद्यावरून नदीपार नेणारा धिप्पाड पुरुष अशी रूढ झाली आणि त्याचे श्वानमुख मागे पडले.

४

श्वानमुख खुद्द ब्रिटनच्या भूमीवर अवतरल्याची उदाहरणे मोजकी आहेत. त्यांतील दोन येथे विचारात घ्यावयाची आहेत.

पहिले उदाहरण वेल्श काव्यातील आहे. तेराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास लिहिल्या गेलेल्या 'ब्लॅक बुक ऑफ कार्मार्दन' या हस्तलिखितात आर्थर आणि एक द्वारपाल यांचा संवाद असलेले, हस्तलिखिताहून जुने मानले जाणारे, एक अपूर्ण काव्य आहे. आत प्रवेश मिळावा म्हणून आर्थर आपल्या वीरांचे पराक्रम सांगतो. त्यांत एडिनच्या डोंगरावर श्वानमुखांशी झालेल्या लढाईचा उल्लेख येतो. एडिन म्हणजे आजच्या एडिंबरोचा परिसर, असे सामान्यतः मानले जाते. वेल्श कवीच्या दृष्टीने तो प्रदेश आपल्या पूर्वजांचा, पण हातातून गेलेला उत्तर सीमाप्रांत होता. श्वानमुख ब्रिटनमध्ये आला तरी तो सीमेवरच राहिला, आणि शत्रू म्हणूनच राहिला.

दुसरे उदाहरण शेटलंड बेटांवरील वुल्व्हर या प्राण्याचे. देह माणसाचा, मस्तक लांडग्याचे, अंगावर तपकिरी लव, वस्ती डोंगराच्या कुशीतील गुहेत; तो एका खडकावर बसून मासे धरतो आणि कधीकधी गरिबाच्या खिडकीत मासे ठेवून जातो, असे त्याचे वर्णन जेसी सॅक्सबी यांच्या १९३२ मधील शेटलंडविषयक ग्रंथात आहे. लोककथांच्या कोशांत वुल्व्हर आज प्राचीन परंपरा म्हणून वावरतो. परंतु शेटलंडच्या अभिलेखागारातील इतिहासकार ब्रायन स्मिथ यांनी या प्रतिमेचा माग काढला असता ती १९३२ पूर्वीच्या लोकपरंपरेत सापडली नाही. फेरो बेटांवरील भाषाशास्त्रज्ञ याकोब याकोबसेन यांनी १८९० च्या दशकात शेटलंडमधील स्थलनामांचा अभ्यास करताना एका टेकडीच्या नावाचा संबंध जुन्या नॉर्स भाषेतील यक्षसदृश योनीच्या नावाशी जोडला होता. त्या व्युत्पत्तीतून पुढे लांडग्याच्या मस्तकाचा प्राणी उभा राहिला, असे स्मिथ यांचे प्रतिपादन आहे. शेटलंडमध्ये रानटी लांडगे नव्हते, हेही येथे लक्षात घ्यावयास हवे. एका टेकडीच्या नावापासून दयाळू श्वानमुखापर्यंतचा हा प्रवास छापील ग्रंथांतून झाला.

५

पिशाचश्वानाची परंपरा याहून अधिक स्थानिक आहे, आणि तिच्या पहिल्या ठळक नोंदींपैकी एक तर उघडच राजकीय आहे. पीटरबरोच्या मठात लिहिल्या गेलेल्या अँग्लो-सॅक्सन बखरीत इ.स. ११२७ च्या नोंदीत असे सांगितले आहे की, नवा मठाधिपती पुआतूचा हेन्री येताच परिसरात रात्री शिकारी दिसू लागले. ते काळे, धिप्पाड आणि भयंकर होते. काळ्या घोड्यांवर व बोकडांवर बसलेले होते. त्यांचे कुत्रेही काळे आणि वटारलेल्या डोळ्यांचे होते. पीटरबरोच्या मृगवनापासून स्टॅमफर्डपर्यंतच्या रानांत हे दृश्य दिसले आणि भिक्षूंनी रात्री शिंगांचे आवाज ऐकले. हेन्रीकडे फ्रान्समधील एका मठाचे आधिपत्य अगोदरच होते. बखरकाराने त्याच्या लोभाविषयी अत्यंत कडवटपणे लिहिले आहे. ११३२ मध्ये हेन्रीला पीटरबरो सोडावे लागले. भुतांच्या शिकारीची कल्पना लोकांत पूर्वीपासून असू शकेल. परंतु या नोंदीत ती ज्या जागी येते, ती जागा तक्रारीची आहे. वरिष्ठांविरुद्ध जे मठातील भिक्षूंना उघड बोलता येत नव्हते, ते या कुत्र्यांच्या तोंडून बोलले गेले.

वेल्श 'माबिनोगी'च्या पहिल्या शाखेतील कुत्र्यांचा रंग वेगळा आहे. द्वेदचा राजा प्विल याला अरण्यात शुभ्र, चकाकणारे आणि तांबड्या कानांचे कुत्रे दिसतात. त्यांनी पाडलेल्या हरणावरून त्यांना हाकून प्विल आपले कुत्रे सोडतो. ते कुत्रे आनून या परलोकाचा राजा अराउन याचे असतात. झालेल्या अपराधाची भरपाई म्हणून प्विलला वर्षभर अराउनचे रूप घेऊन त्याच्या राज्यात राहावे लागते. येथे मृत्यूची भीती नाही. प्रश्न आहे तो शिष्टाचाराचा आणि शिकारीवरील हक्काचा. याच आनूनचे कुत्रे नंतरच्या लोकसमजुतीत मृत्यूची सूचना देणारे झाले. त्यांचा आवाज जवळ येताना बारीक आणि दूर जाताना मोठा होतो, असे सांगितले जाऊ लागले. उत्तर इंग्लंडमध्ये रात्रीच्या आकाशातून ऐकू येणाऱ्या अशाच आवाजाला गेब्रियलचे कुत्रे म्हणत. स्थलांतर करणाऱ्या रानहंसांचा तो कलकलाट असावा, असे स्पष्टीकरण अभ्यासकांनी दिले आहे. एकाच नावाखाली अर्थ किती बदलू शकतो, याचे आनूनचे कुत्रे हे चांगले उदाहरण आहे.

६

ब्लॅक शकच्या संदर्भात नेहमी उद्धृत होणारी घटना ४ ऑगस्ट १५७७ ची आहे. त्या रविवारी सफकमधील बंगे आणि ब्लाइथबर्ग येथील चर्चवर भयंकर वादळ कोसळले. त्याच वर्षी लंडनमधील लेखक व अनुवादक एब्राहम फ्लेमिंग याने या घटनेवर एक पुस्तिका प्रसिद्ध केली. विजांच्या लखलखाटात एक काळा कुत्रा बंगेच्या चर्चमध्ये शिरला, प्रार्थनेत गुडघे टेकलेल्या दोघांच्या माना त्याने मुरगाळल्या आणि तिसऱ्या माणसाचे अंग भाजलेल्या चामड्यासारखे आखडले, असे फ्लेमिंग सांगतो. लोकांनी पश्चात्ताप करावा, हे या कथनाचे तात्पर्य.

याच घटनेच्या इतर नोंदी उपलब्ध आहेत. बंगेच्या स्थानिक नोंदींत वादळ आहे आणि घंटाघरात मेलेली दोन माणसे आहेत, कुत्रा नाही. होलिनशेडच्या इतिहासग्रंथाच्या १५८७ च्या आवृत्तीत ब्लाइथबर्गच्या वादळाचे सविस्तर वर्णन आहे. तेथेही कुत्रा नाही. विशेष म्हणजे या आवृत्तीच्या संपादनात खुद्द फ्लेमिंगचा मोठा वाटा होता. पुस्तिकेत कुत्रा, इतिहासग्रंथात वीज. लेखनप्रकार बदलला की साक्षही बदलते, हे याहून स्पष्टपणे क्वचितच दिसून येईल.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. फ्लेमिंगच्या पुस्तिकेत 'शक' हे नाव नाही. पूर्व इंग्लंडमधील पिशाचश्वानाचे हे नाव छापील स्वरूपात पुढे आले ते १८५० मध्ये, 'नोट्स अँड क्वेरीज' या नियतकालिकातील एका टिपणातून. या नावाचा संबंध पिशाच या अर्थाच्या प्राचीन इंग्रजी शब्दाशी जोडला जातो, आणि तो शब्द 'बेओवुल्फ'मध्येही आलेला आहे. केसाळ या अर्थाच्या बोलीतील शब्दाकडेही काहींनी लक्ष वेधले आहे. शब्द जुना असू शकेल, परंतु १५७७ चा कुत्रा आणि शक हे एकच, हे समीकरण नंतरचे आहे. आज ब्लाइथबर्गच्या चर्चच्या दारावरील जळाल्याच्या खुणा शकच्या नखांच्या म्हणून दाखविल्या जातात, आणि बंगे गावाच्या मानचिन्हात काळा कुत्रा विराजमान आहे. पुस्तिकेतील कुत्रा अशा रीतीने गावाचा झाला.

७

मौखिक परंपरेचे प्रत्यक्ष संकलन विसाव्या शतकात झाले, तेव्हा एक अनपेक्षित गोष्ट समोर आली. एथेल रडकिन यांनी लिंकनशायरमध्ये लोकांकडून गोळा केलेल्या आठवणी १९३८ मध्ये 'फोकलोर' या नियतकालिकात प्रसिद्ध केल्या. त्यांतील काळा कुत्रा बहुधा निरुपद्रवी आहे. तो ठराविक वाटेवर, ठराविक झाडापासून ठराविक कुंपणापर्यंत सोबत करतो आणि नाहीसा होतो. एकट्या चालणाऱ्या बाईला तो वाईट माणसांपासून वाचवितो, असेही सांगितले जाते. पुस्तिकेतील संहारक कुत्रा आणि गावकऱ्यांच्या बोलण्यातील सोबती कुत्रा यांत एवढे अंतर आहे. रात्री पायी जाणाऱ्या स्त्रीचे भय खरे होते, आणि त्या भयाला माणूस कारण होता, कुत्रा नव्हे, ही गोष्ट या आठवणींत नोंदली गेली आहे. थिओ ब्राऊन यांनी १९५८ मध्ये याच नियतकालिकात रूप बदलणारा, नेहमी काळा कुत्राच राहणारा आणि वर्षातील ठराविक काळी दिसणारा असे तीन प्रकार पाडले. त्यामुळे सर्व पिशाचश्वान एकच आहेत, ही समजूत मागे पडण्यास मदत झाली.

आइल ऑफ मॅनवरील पील किल्ल्याची कथा जॉर्ज वॉल्ड्रन यांच्या १७३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वर्णनात आहे. काळा कुत्रा रोज रात्री पहाऱ्याच्या खोलीत शेकोटीजवळ येऊन बसे. सैनिकांना त्याची सवय झाली होती. मात्र त्याच्यासमोर ते शिवीगाळ टाळीत. एका रात्री दारू प्यालेला एक सैनिक बढाई मारून एकटाच त्याच्या वाटेने गेला. परत आला तो वाचा बसलेल्या अवस्थेत, आणि तिसऱ्या दिवशी मेला. त्याने काय पाहिले, हे कोणालाही कळले नाही. क्रिस्टोफरच्या कथेशी ही कथा ताडून पाहिली असता तिचा अर्थ उलगडतो. तेथे श्वानमुखाला वाणी मिळते आणि तो माणसांत येतो. येथे जिभेचा संयम न पाळणाऱ्या माणसाची वाणी जाते आणि तो माणसांतून उठतो. दोन्ही कथांचा परस्परांशी ऐतिहासिक संबंध दाखविता येत नाही, आणि तशी आवश्यकताही नाही. कसोटी मात्र एकच आहे.

१९०१ च्या ऑगस्टपासून 'द स्ट्रँड' मासिकात क्रमशः प्रसिद्ध झालेल्या आर्थर कॉनन डॉईल यांच्या 'द हाऊंड ऑफ द बास्करव्हिल्स' या कादंबरीमुळे पिशाचश्वान जगभर पोहोचला. मित्र बर्ट्रम फ्लेचर रॉबिन्सन यांच्याकडून ऐकलेली दंतकथा तिच्या मुळाशी होती. कादंबरीत डार्टमूरवरील भूत हे अखेरीस वारशासाठी वापरलेले, तोंडाला चमकणारा लेप लावलेले जिवंत कुत्रे ठरते. भयाचा उपयोग कोण करतो, असा प्रश्न होम्स विचारतो. पीटरबरोच्या बखरीविषयी आणि फ्लेमिंगच्या पुस्तिकेविषयी संशोधकालाही हाच प्रश्न विचारावा लागतो.

८

या विवेचनातून काही गोष्टी स्पष्ट होतात. श्वानमुख मानव ब्रिटनमध्ये पंडितांच्या ग्रंथपरंपरेने आला. तो सदैव दूरदेशीचा राहिला आणि माणूस कोणाला म्हणावे, या प्रश्नाला निमित्त झाला. पिशाचश्वान गावच्या वाटेवरचा. जवळच्या माणसांतील अन्याय, भय आणि मर्यादाभंग यांना त्याच्या रूपाने आकार मिळाला. दोन्हींच्या घडणीत लिखित आणि मौखिक परंपरांची देवाणघेवाण सतत चालू राहिली. वुल्व्हरसारखी ग्रंथांत घडलेली प्रतिमा लोकपरंपरा म्हणून स्वीकारली गेली, तर रडकिन यांच्या वृद्ध निवेदकांचा सोबती कुत्रा ग्रंथांतील भयंकर कुत्र्यापुढे झाकला गेला.

आदिबंधाची संकल्पना मराठी समीक्षेत आणि लोकसाहित्याच्या अध्यापनातही परिचित आहे. तिचा उपयोग नाकारण्याचे कारण नाही. परंतु एखाद्या प्रतिमेला आदिबंध म्हणण्यापूर्वी ती कोणत्या वर्षी, कोणत्या लेखनप्रकारात आणि कोणाच्या हितासाठी नोंदली गेली, हे पाहणे अगत्याचे आहे. हा क्रम उलटा झाला की ११२७ च्या भिक्षूंची तक्रार, १५७७ मध्ये घंटाघरात मेलेली दोन माणसे आणि लिंकनशायरच्या वाटेवरून एकटी जाणारी स्त्री ही सर्व अनुबिसच्या सावलीत दिसेनाशी होतात. लोकसाहित्याच्या अभ्यासाचा खरा विषय ती माणसे आहेत.